तोंड कुणाचं, त्यावर शिक्षा

एका पोराची नोकरी गेली. त्याने चोरी केली नाही, मारामारी केली नाही, कुणाच्या अंगावर गेला नाही. पँट्रीच्या मागच्या बोळात उभं राहून ई-सिगारेटचे दोन झुरके मारले. संध्याकाळी सुपरवायझरने गेटपास काढून घेतला. रात्री मोबाईलवर एक ओळ आली : उद्यापासून येऊ नको. खलास. चार वर्षांची नोकरी एका ओळीत संपली.

मी त्याच मजल्यावर, त्याच कंत्राटात, त्याच पगारावर आहे. म्हणून हा कागद काळा करतोय. मी ओढत नाही. पण ती ओळ उद्या माझ्याही मोबाईलवर येऊ शकते. कारण दुसरं सापडेल. ज्याला काढायचंय त्याच्याबाबतीत कारणांचा दुष्काळ कधी पडत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आधी केमिकलचे कारखाने होते, धुराडी होती. आता त्यातल्या कित्येक जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात. आत थंड हवा, खाली गालिचा. त्या काचेला तोंड दिसेपर्यंत फडकं मारायचं काम आमचं. संडास आमचा, कचरा आमचा, सांडलेली कॉफी आमची. आम्हाला हाऊसकीपिंग म्हणतात. बापाला झाडूवाला म्हणायचे. नाव इंग्रजी झालं, झाडू तोच राहिला, आणि हजेरीच्या वहीतली आडनावंही बरीचशी तीच राहिली. हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस आमच्या शिफ्टला येऊन ती वही वाचावी.

आता सिक्युरिटीच्या कॅमेऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. कुठल्या मजल्यावर कोण काय ओढतं, हे आम्हाला ठाऊक असतं, कारण कचरा आम्ही उचलतो. मीटिंगच्या खोलीतल्या डब्यात, साहेबलोकांच्या संडासात, जिन्याच्या वळणावर गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाच्या संपलेल्या ई-सिगारेटी सापडतात. कुणाला आंब्याचा वास, कुणाला पुदिन्याचा. त्या आम्ही हाताने वेगळ्या काढतो. आत बॅटरी असते, चेपली तर पेट घेऊ शकते. चार वर्षांत या कारणासाठी वरच्या एकाही साहेबाचा गेटपास काढून घेतल्याचं मी ऐकलं नाही. एकदा एका मॅडमने एका साहेबाला हसत हसत सांगितलेलं मात्र ऐकलंय, "बाहेर जाऊन ओढ की रे." साहेबाच्या बाबतीत एवढ्यावर भागतं, त्याला समज देणं म्हणतात. आमच्या पोराच्या बाबतीत शिस्त लागते.

दोस्तांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. नोकरी वाफेमुळे गेली नाही. ती वाफ कुणाच्या तोंडातून निघाली त्यावर गेली.

मालक म्हणतो, देशात बंदी आहे, कायदा आहे. ठीक. कायदाच काढू.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदी घालणारा वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा करणाऱ्याला सहा महिने किंवा ५० हजार किंवा दोन्ही. पण ओढणाऱ्यासाठी त्या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. म्हणजे कायद्याच्या शिक्षेचा रोख धंदेवाल्यावर होता. पकडला गेला झाडूवाला. ज्या टपरीवरून पोराने ती दीड हजाराला घेतली, ती टपरी स्टेशनबाहेर जशीच्या तशी आहे. तिचं शटर एक दिवस खाली आलं नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तो कुठल्या टपरीवर मिळतो हे शाळेतलं पोरगं सांगेल. बंदी अशी असते. वरून खाली येता येता सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते.

आता पेटत्या सिगारेटचं बघा. तिचा कायदा २००३ चा. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी कामाची जागासुद्धा सार्वजनिक जागेत धरली. ऑफिसात बसून कुणी खरीखुरी, धुराची, राखेची सिगारेट ओढली तर कायद्याने दंड किती? जास्तीत जास्त दोनशे रुपये. आणि त्याच कायद्यात ३० खोल्यांच्या हॉटेलला, ३० माणसं बसतील अशा उपाहारगृहाला, विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. विमानाने जाणाऱ्याच्या तलफेसाठी कायद्याने जागा राखून ठेवली. सरकारचा दंड दोनशे रुपये. कंत्राटदाराने लावलेला दंड मोजा : खोलीचं भाडं, आईच्या गोळ्या, बहिणीची फी. वर गणवेशाचे पैसे कापले ते वेगळेच.

मालकाला आपल्या जागेत वाफ नको असेल तर तसा नियम करायचा त्याला हक्क आहे. ते मी नाकारत नाही. बंद खोलीत एकाची वाफ दुसऱ्याने का गिळावी? पण नियम म्हणजे सुपरवायझरच्या डोक्यातला राग नव्हे. नियम लिहिलेला पाहिजे, कामगाराला कळेल अशा भाषेत लावलेला पाहिजे. मोडला तर आरोप लेखी पाहिजे. त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. आणि शिक्षा गुन्ह्याएवढी पाहिजे. आमच्या इमारतीत दारावर धूम्रपान निषेधाची पाटी आहे, इंग्रजीत. ई-सिगारेटचा शब्द त्यात नाही. पोराला नोटीस नाही, चौकशी नाही, ताकीद नाही. चार वर्षांत एक खाडा सोडला तर त्याच्याविरुद्ध एक ओळ नाही.

हे मागणं माझ्या मनाचं नाही. १९४६ साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेशांचा कायदा झाला. तो झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. मालकाच्या तोंडी हुकमाला कागदावर आणणारा तो कायदा. नियम लिहा, मंजूर करून घ्या, बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत दाराशी लावा. त्याखालच्या नमुना आदेशांत स्पष्ट होतं की शिक्षा देताना गैरवर्तनाचं गांभीर्य आणि कामगाराचं आधीचं रेकॉर्ड बघायचं. म्हणजे दोन झुरके आणि दोन लाखांची चोरी एका तागडीत टाकायची नाहीत. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, संविधान आहे. पण आपल्याला तोंडी हुकमावरून काढू नये म्हणून त्या काळात झालेली ही धडपड किती पोरांना माहीत आहे?

आणि आज काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, १९४६ चा कायदा त्यात जमा झाला. स्थायी आदेशांसाठी जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांचा उंबरठा होता, संहितेत तो ३०० झाला. आमच्या इमारतीत राबणारी माणसं मोजली तर काही शे भरतील. पण कागदावर ती एक नाहीतच. झाडूचा कंत्राटदार वेगळा, पहाऱ्याचा वेगळा, कँटीनचा वेगळा, लिफ्टचा वेगळा. प्रत्येकाकडे चाळीस-पन्नास टाळकी. तुकडे पाडले की तीनशेचा आकडा कशाला गाठला जातो? गावकुसाबाहेर ठेवायला पूर्वी वेस लागायची. आता कंत्राटाचा कागद पुरतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडात दहाएक वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईवर हाच प्रसंग आला. तीही शाळेची नोकर नव्हे, जेवणाच्या कंत्राटदाराची. शाळेच्या आवारात ई-सिगारेट ओढली म्हणून मुख्याध्यापकाने तक्रार केली, कंत्राटदाराने चौकशी लावली. बाईने चौकशीच्या आधीच राजीनामा दिला आणि मग न्यायाधिकरणात गेली. तिथं ती हरली, कारण तिला काढलं नव्हतं, तिनेच नोकरी सोडली होती. पण न्यायाधिकरणाच्या ध्यानात एक गोष्ट आली : शाळेच्या धूम्रपानबंदीच्या नियमात ई-सिगारेटचं नाव नव्हतं. काढून टाकलं असतं, तर हा मुद्दा तिच्या कामी येऊ शकला असता. यातून आपण काय घ्यायचं? स्वतःच्या हाताने राजीनामा लिहून द्यायचा नाही. साहेब गोड बोलेल, "लिहून दे, रेकॉर्ड खराब होणार नाही." रेकॉर्ड त्याचं चांगलं राहतं. तुमच्या हातात फक्त पेनाची शाई राहते.

आता दिल्लीकडे वळू. ११ डिसेंबर २०२५. लोकसभा चालू होती. एका खासदाराने उठून आरोप केला की समोरच्या पक्षाचा एक सभासद सभागृहात बसून ई-सिगारेट ओढतोय. आरोप खरा की खोटा, त्यात मला पडायचं नाही. आरोप करणाऱ्याच्या पक्षाशीही मला देणंघेणं नाही. मला त्यानंतरची रीत पाहायचीय. अध्यक्षांकडे दाद मागितली गेली. लेखी तक्रार गेली. नियमाप्रमाणे बघू, असं झालं. बरोबरच आहे, असंच व्हायला पाहिजे. आरोप झाला म्हणून त्याच मिनिटाला कुणाचा पास काढून घेऊन त्याला रस्त्यावर उभं करत नाहीत. मग ज्या देशात कायदा करणाऱ्याच्या तोंडासाठी तक्रार, नियम, चौकशी आहे, त्या देशात संडास धुणाऱ्याच्या तोंडासाठी मोबाईलवरची एक ओळ का?

तोंडाचा हा हिशेब जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, धाग्याला थुंकी लागायची. महाराच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराने कसा तोंडात धरायचा? म्हणून पगार जास्त असलेलं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. संप सगळ्यांचा, मग विणाई खातं काहींचंच का? त्या वेळी आपल्या थुंकीने धागा बाटत होता. आज आपल्या वाफेने इमारत बाटते. साहेबाच्या वाफेला आंब्याचा वास येतो.

आणि गंमत ऐका. नशेला या समाजाचा विरोध कधीच नव्हता. माझा बाप सफाईत होता. पहाटे चार वाजता कामावर. तंबाखूची चंची मुकादमाकडूनच यायची. "मळ रे, वास येणार नाही." गटारात उतरायच्या आधी कुणी क्वार्टर मारली तर मुकादम तोंड फिरवून उभा राहायचा. शुद्धीत राहून त्या घाणीत कोण उतरणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तेव्हा कुणी नोकरीवरून काढलं नाही. कुणाला आमच्या फुप्फुसांचा कळवळा आला नाही. मॅनहोलमध्ये गुदमरून मरणारी माणसं आजही आपलीच आहेत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मरणाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. गटारात नशा चालते, कारण तिथं ती मालकाच्या कामाची असते. काचेच्या आत चालत नाही, कारण तिथं माणूस दोन मिनिटं स्वतःसाठी उभा राहिलेला दिसतो. मालकाला वाफ खुपत नाही. ती दोन मिनिटं खुपतात.

पोराने ही भानगड पँट्रीमागे का केली, तेही बघा. शिफ्ट बारा तासांची. जेवणाची सुट्टी अर्धा तास, ती कागदावर. बिडी ओढायची तर सर्व्हिस लिफ्टची वाट बघा, बारा मजले खाली जा, गेटवर सही करा, परत या. वीस मिनिटं गेली, हजेरीत लाल खूण पडली. ई-सिगारेटला काडी नको, राख नको, अर्ध्या मिनिटात काम. ज्याच्याजवळ वेळ नाही त्याच्यासाठी बनवलेली ती चीज आहे. पायाला गोळे आले, झोप अनावर झाली की पोरं ती तोंडाला लावतात. तलफ आपोआप आभाळातून पडत नाही. बारा तासांच्या शिफ्टमध्ये ती तयार होते.

म्हणून मी ई-सिगारेटची वकिली करतोय असं कुणी समजू नये. ती भंगार वस्तू आहे. एक बॅटरी, एक तापणारी तार, थोडं रसायन, वर सुगंध आणि आत निकोटिन. २००३ च्या सुमारास एका चिनी औषधतज्ज्ञाने ती आजच्या रूपात आणली, सिगारेट सुटावी म्हणून, असं सांगतात. पुढं काय झालं? डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्ट्रिया या सिगारेटच्या बड्या कंपनीने जूल या ई-सिगारेट कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. सिगारेट विकणाराच सिगारेट सोडवायचं यंत्र विकायला बसला. आपली पोरं ते यंत्र गळ्यात अडकवून फोटो काढतात आणि समजतात आपण मॉडर्न झालो. अरे, मॉडर्न म्हणजे साहेबाच्या डब्यात सापडतं ते आपल्या खिशात सापडणं नव्हे.

पण सरकारच्या आरोग्यप्रेमाचंही ढोंग चालणार नाही. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. बिडी ७.७ टक्के, सिगारेट ४ टक्के, तोंडात ठेवायची तंबाखू २१.४ टक्के. ई-सिगारेट ओढणारे ०.०२ टक्के. बंदी कशावर आली? ०.०२ वर. उरलेल्यावर कर चालू आहे. नव्या विषाला दारातच अडवलं, ठीक केलं. मग घरात बसलेल्या जुन्या विषाला पाट मांडून का बसवलंय? बिडी वळणाऱ्या सोलापूर-सिन्नरच्या बायांच्या छातीत जाणाऱ्या भुकटीवर कुणी वटहुकूम काढला?

आता आपल्यातल्याच काहींशी बोलायचंय. पोराची नोकरी गेल्यावर वस्तीतले दोन शिकलेले भाऊ मला म्हणाले, "आपल्या पोरांनी आधी सुधारलं पाहिजे. बावीस प्रतिज्ञा विसरली पोरं." मोठ्या हुद्द्यावर आहेत, गाडी आहे, घरी बुद्धरूप आहे. त्यांना माझा जयभीम. पण भाऊ, दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा माणूस स्वतःला देतो. पंचशील मी माझ्या मनाने घेतो, माझी शुद्ध माझ्या ताब्यात राहावी म्हणून. कंत्राटदार भिक्खू नाही. त्याने मला शील द्यायचं नाही आणि शील मोडलं म्हणून भाकरीही काढून घ्यायची नाही. पोराला व्यसन सोडायला सांगायचंय ना? मी सांगतो, तुम्ही सांगा, विहारात बसवून सांगू. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवाही आहे, तिचा नंबर त्याच्या हातात देऊ. पण आधी त्याच्या बाजूने उभं राहू, मग सांगू. मालकाच्या शेजारी उभं राहून आपल्या माणसाला सुधारणेचं प्रवचन देणं, ही सुधारणा नाही, चमचेगिरी आहे. पांढरपेशा समाजाने शंभर वर्षं आपल्याला हेच ऐकवलं : आधी लायक व्हा, मग हक्क मागा. हक्क लायकीचं सर्टिफिकेट बघून मिळत असते तर चवदार तळ्यावर जायची गरजच नव्हती.

दुसरे मित्र उलट बाजूने बोलतात. "ओढली तर ओढली, साला आमचं तोंड, आमची मर्जी." तेही मला पटत नाही. बंडखोरीला आंब्याच्या वासाची नळी लागत नाही. कंपनीने विकलेलं बंड विकत घेऊन कुणी विद्रोही होत नसतो. आपली फुप्फुसं आपल्याला घोषणा द्यायला लागतात.

तेव्हा भांडण नेमकं कशाचं आहे, ते पक्कं करू. धूम्रपानबंदी असू दे, पण मालकाच्या केबिनपासून संडासापर्यंत एकच असू दे. नियम मराठीत, हिंदीत लिहून दाराशी लावा. पहिल्या वेळी ताकीद, तीही लेखी. आरोप केला तर कागदावर करा आणि ज्याच्यावर केला त्याचं ऐका, त्याच्याबरोबर त्याच्या पसंतीचा एक माणूस बसू दे. दोनशे रुपयांच्या गुन्ह्याला दोनशे रुपयांएवढीच शिक्षा. बारा तासांच्या शिफ्टमध्ये बसायला जागा आणि खरीखुरी सुट्टी. साहेबाला व्यसन सुटावं म्हणून समुपदेशन मिळतं, तेच झाडूवाल्यालाही मिळू दे. यातली एक मागणी तरी जगावेगळी आहे का? तरी इमारतीतल्या कुणाला विचारा, म्हणतील, ही हाऊसकीपिंगची पोरं माजलीत.

माजलो तर माजलो. पण माजायलाही तयारी लागते. हजेरीचे, पगाराचे, गेटपासचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. तोंडी हुकूम आला की त्याच मोबाईलवर विचारा, कारण काय ते लेखी द्या. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर सही करू नका. एकट्याने कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊ नका, पाच जण जा. आणि झाडू, पहारा, कँटीन, लिफ्ट अशा चार कंत्राटांत वाटलेल्यांनी आधी एकमेकांची नावं माहीत करून घ्या. आम्ही सुरुवात केलीय. पहिल्या बैठकीला अकरा जण आले. त्यात पहाऱ्यावरचे दोन मराठ्यांचे पोरगेही होते, कारण त्यांनाही ती ओळ कधीही येऊ शकते, हे त्यांच्या ध्यानात आलंय. पुढच्या रविवारी परत बसणार आहोत. पोराचा अर्ज कामगार आयुक्ताच्या कचेरीत द्यायचा, अकराही जणांनी सोबत जायचं, असं ठरलंय. त्या दिवशी आमचा खाडा लागेल. लागू दे.

या पट्ट्यातल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत कुणाला अशी एका ओळीत हाकललं असेल, तर त्याने आमच्याकडे यावं. काय ओढलं, किती ओढलं, हे आम्ही विचारणार नाही. कागद दिला होता का, एवढंच विचारू.

जयभीम.